कॅप्टनची नात आणि मी

मी हॅना ली बोलतेय. दोन डोलकाठ्यांची, लाकडी, शिडाची नौका. वय नव्वदीच्या घरात. बाईमाणसाला वय विचारू नये म्हणतात, पण माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच विचारतो.

मला मराठी कशी येते, असं तुमच्या मनात आलं असेल. डेकवर जे बोललं जातं ते लाकडात मुरतं, एवढंच. मराठी मी चार दिवसांत शिकले. माझ्यावर राहायला आलेलं मराठी कुटुंब निम्मं इंग्रजीच बोलत होतं, त्यामुळे फार जड गेलं नाही.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, मेन राज्याच्या थंड किनाऱ्यावरचा. ओकच्या बरगड्या, त्यांवर पाइनच्या फळ्या. तीस वर्षं मासे वाहिले. मग इंजिनाच्या बोटी आल्या आणि मला एका खाडीत बांधून ठेवलं ते ठेवलंच. पक्ष्यांनी घरटी केली, शिडं कुजली. माणसं येत, फोटो काढत, 'किती सुंदर' म्हणत आणि निघून जात. फोटोने फळ्या टिकत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

मग नोरा आली. आज ती माझी कॅप्टन आहे. तिने मला विकत घेतलं, डागडुजी केली आणि दक्षिणेला, फ्लोरिडाच्या टोकाला आणलं. तिथे समुद्रात बेटांची लांबच लांब माळ आहे. पाणी उथळ आणि हिरवं, काठाला खारफुटी, खांबाखांबावर पेलिकन. की वेस्ट बंदरातून निघायचं, चार दिवस बेटांमधून हिंडायचं आणि परत यायचं. म्हातारपणी इतकं ऊबदार पाणी मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तरी दुखणं होतंच. माझ्या पोटात पाणी येत होतं. पंप तासातून एकदा चालायचा तो तीनदा चालू लागला. पाणी साठायचं मागच्या बाजूला, म्हणून दुरुस्तीवाल्यांनी दोनदा मागचीच बाजू उकलली आणि बंद केली. जखम सापडली नाही. या मोसमात ती सापडली नाही तर मला प्रवासी नेण्याचा परवाना पुढे मिळणार नव्हता. नोरा हे कोणाला सांगत नसे, पण पंप सुरू झाला की तिचा चेहरा उतरायचा.

अशात मार्चमध्ये न्यू जर्सीहून तिघं आली. दिगंबर, त्यांची बायको मालिनी आणि मुलगी इला. दिगंबर सत्तर वर्षांचे होणार होते, म्हणून इलाने ही सहल ठरवली होती. मालिनीबाईंनी सामानातून आधी चिवड्याचा डबा काढला. माझ्यावर पादत्राणं काढून वावरायचं असतं, हे या घराला सांगावं लागलं नाही.

इलाने आल्या आल्या नोराला सांगितलं, की तिचे आजोबा, म्हणजे दिगंबरांचे वडील, मोठ्या मालवाहू जहाजावर कॅप्टन होते. तिसऱ्या दिवशी, वाढदिवसाला, बाबांच्या हातात सुकाणूचं चाक द्यायचं आणि पूर्वी कॉलेजच्या प्रवेशासाठी तिने आजोबांवर लिहिलेला निबंध वाचून दाखवायचा, असा तिचा बेत होता. नोरा खूश झाली. मी मात्र दिगंबरांचे हात बघत होते. हा माणूस समुद्राकडे बघतच नव्हता. येता-जाता माझ्या फळ्यांवरून बोटं फिरवायचा, जोडाशी थांबायचा आणि कोणी आलं की हात खिशात घालायचा. पंप सुरू झाला की त्याचं जेवणातलं लक्ष उडायचं. कॅप्टनचा मुलगा असा वागत नाही. मी पुष्कळ कॅप्टन पाहिलेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी छान वारा होता. नोराने चाक त्यांच्या हाती दिलं. इलाने फोनवर निबंध उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. तिचे आजोबा वादळात न डगमगता उभे राहायचे, त्यांच्या एका शब्दावर चाळीस खलाशी हलायचे, त्यांच्यामुळेच आपल्याला इंजिनीअर व्हावंसं वाटलं, असं बरंच काही. खरं सांगते, निबंध चांगला होता.

दिगंबरांनी मधेच चाक सोडलं आणि ते खाली गेले. नोराने चाक धरलं. इलाला वाटलं, बाबांना भरून आलंय. ती मागोमाग गेली.

ते माझ्या पोटात, पुढच्या डोलकाठीपाशी, गुडघे टेकून बसले होते. बोटांच्या पेरांनी एकेक फळी ठोकत, कान लावून ऐकत होते. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम बसका आवाज. तिथेच. माझं दुखणं तिथेच होतं हो. पाणी पुढून शिरायचं, आतल्या आत वाहत मागे जायचं आणि सगळे मागे शोधत बसायचे. इतक्या वर्षांत कोणीतरी नेमकं दुखतं तिथे हात ठेवला. मला रडता येत असतं तर रडले असते.

"ही फळी गेलीये," दिगंबर म्हणाले. "नोराला सांग."

"बाबा, तुला कसं कळलं?"

दिगंबरांनी त्या फळीवर तळहात टेकवला.

"माझे वडील कॅप्टन नव्हते. मचवे बांधायचे. जयगडच्या खाडीवर, दुसऱ्यांसाठी. बारा वर्षांचा होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली फळ्या ठोकल्यात."

इला पायरीवर बसली. "ते कॅप्टन होते असं मी कॉलेज एसेमध्ये लिहिलं होतं. यू करेक्टेड माय कॉमाज, बाबा."

"हो," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखी चालल्या होत्या. कोणाचे वडील जज्ज, कोणाचे सर्जन. यांची पाळी आली आणि तोंडून कॅप्टन निघून गेलं. पुढच्या वर्षी लोक 'कॅप्टनसाहेब कसे आहेत?' असं विचारू लागले. मग मागे कसं फिरायचं? मालिनीबाईंना ठाऊक होतं, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं म्हणून त्याही गप्प राहिल्या. आणि मग इला मोठी झाली, आजोबांच्या गोष्टी मागू लागली. दर वेळी एकेक वादळ वाढत गेलं.

"त्यांना मी एकदाही इथे बोलावलं नाही," दिगंबर म्हणाले. "त्यांच्या हातांना तेलाचा वास यायचा. मला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते."

इला चिडली होती. रडतही होती. मला वाटलं, आता ही उठून जाणार, आणि गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण ती उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "शो मी." दिगंबरांनी तिचा हात धरून आधी चांगल्या फळीवर ठोकला, मग कुजक्या. तिने डोळे मिटून पुन्हा दोन्ही ठोकल्या. वर मालिनीबाई केक घेऊन वाट बघत राहिल्या.

आता मी किनाऱ्यावर आहे, लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. पाण्याबाहेर मला अवघडल्यासारखं होतं, पण तक्रार नाही. त्या कुजक्या फळीच्या जागी नवी बसली आहे. ती बसवताना दिगंबर खास न्यू जर्सीहून आले होते. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांमधल्या फटीत कापूस कसा ठोकायचा हे इथल्या सुतारांना दाखवताना त्यांची पाठ धरली, पण ऐकतील तर शपथ. इलाही रजा काढून आली होती. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर तिने विचारलं, आजोबांना खाडीवर काय म्हणायचे? गोविंदा मेस्त्री, ते म्हणाले. न अडखळता म्हणाले.

फळी ठोकण्याआधी इलाने सुताराची पेन्सिल मागून घेतली. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरांत, जीभ बाहेर काढून, फळीच्या आतल्या बाजूला तिने लिहिलं, 'गोविंदा मेस्त्री. मचवे बांधायचे.' 'मचवे'तल्या 'व'वर मात्रा द्यायची राहिली होती, ती दिगंबरांनी दिली. मग फळी बरगड्यांवर चढली आणि अक्षरं कायमची आत गेली.

पुढच्या महिन्यात मी पाण्यात उतरेन. कधी या बेटांकडे आलात तर माझ्यावर जरूर या. फळीला हात लावा, ठोकून बघा, मला आवडतं. ती अक्षरं मात्र दिसायची नाहीत. मी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं.