वरच्या वर फिरणारं पाणी

माणिकप्पा सोसायटीचा टँकर चालवायचा, आणि शहाऐंशीच्या दुष्काळात त्याच्या नावाला बट्टा लागला. माकणीहून काठोकाठ भरलेला टँकर गावात दहा-बारा बादल्या कमी होऊन यायचा. आधी पारापाशी घागरी भरायच्या, मग वरची आळी. भीमनगरात पोचेस्तोवर नळीतून नुसती हवा. माणिकप्पा वाटेत पाणी विकतो, अशी कुजबुज सुरू झाली. इंजिन उकळतं, त्यालाच पाजावं लागतं, हे तो सांगून थकला. दुष्काळात पाणीवाल्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

शेवटी भीमनगरातली केशरबाई एक दिवस खेपेला त्याच्या शेजारी येऊन बसली. म्हातारी डोळ्यानं बघितल्याशिवाय देवालाही न मानणारी. माणिकप्पाला ते लागलं, तरी त्यानं टँकर सुरू केला.

अर्ध्या वाटेत इंजिनाच्या तापाचा काटा चढला, वाफ सुटली. सवयीनं त्यानं बादली भरली आणि इंजिनावर ओतायला निघाला, तोवर केशरबाईनं रेडिएटरला तळहात लावलाच. तो हां हां करीत धावला.

"भाजंल मावशी."

"कशानं? हे तर गार हाय बाबा."

त्यानं हात लावला. खरंच गार. इंजिन तापानं फणफणलेलं आणि रेडिएटर थंडगार. इतके दिवस वाफ दिसली की पाणी ओतलं, पण हात लावायचं काही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला.

इंजिन तापलं की थर्मोस्टॅटची झडप उघडते आणि पाणी रेडिएटरात निवायला जातं, हे त्यानं तिला समजावलं.

"त्यो उघडंना झालाय. पाणी वरच्या वर फिरतंय, खाली येतच न्हाय."

केशरबाई हसली. "आमाला काय नवीन सांगतूस?"

इंजिन निवल्यावर माणिकप्पानं पान्यानं थर्मोस्टॅट काढला. तीन दगडांची चूल पेटवून बादलीत पाणी उकळलं आणि तो तिच्यासमोर त्यात टाकला. पाणी खदखदलं, तरी झडप उघडली नाही. त्यानं तो खिशात टाकला, त्याच्याशिवायच झाकण बसवलं आणि पुढं निघाला. काटा परत वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर भरलेलाच आला. पारापाशी घागरींची रांग लागली होती आणि सोसायटीचे चेअरमन आबाराव हात वर करून उभे होते. माणिकप्पा थांबलाच नाही. मागून हाका येत राहिल्या.

भीमनगरात कुणी घागर घेऊन बाहेरच आलं नव्हतं. एवढ्या लवकर पाणी येतं, हे तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं. माणिकप्पानं खाली उतरून केशरबाईचं दार वाजवलं.