तेवीस नंबरसाठी उघडलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. छत्रीने कसलं चिडायचं, असं तुम्हाला वाटेल. पण आधी माझी हकिकत ऐका आणि मग सांगा, माझा राग खोटा आहे का.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो काही मला नीट आठवत नाही. आठवतं ते नाशिकच्या मेन रोडवरचं दुकान. तिथे आम्ही पंचवीस-तीस छत्र्या दोरीला उलट्या टांगलेल्या होतो. एक दिवस सुवर्णा नावाची मुलगी आली. ती एका सहल कंपनीत टूर मॅनेजर म्हणून नुकतीच लागली होती. "काका, सगळ्यात लांब दांड्याची द्या. गर्दीत लांबून दिसली पाहिजे," ती म्हणाली. दुकानदाराने मला खाली काढलं. माझं कापड जांभळं आणि मूठ लाकडाची होती. सुवर्णाच्या आईने माझ्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधला.

त्या दिवसापासून माझं काम ठरलं. सुवर्णाने मला मिटून उंच धरायचं आणि सगळ्यांनी माझ्या मागून चालायचं. अकरा वर्षं मी हे काम केलं. माझा गोंडा बघत बघत नाशिकच्या शेकडो माणसांनी परदेश पाहिला. दोनदा माझी काडी मोडली. दोन्ही वेळा नाशिकच्या भद्रकालीत छत्र्या दुरुस्त करणाऱ्या वाल्मीककाकांनी ती तारेने बांधून दिली. लोक माझ्याबरोबर फोटो काढत आणि मलाही ते आवडत असे, खोटं कशाला सांगू!

प्रत्येक सहलीच्या पहिल्या दिवशी सुवर्णा बसमध्ये माईक घेऊन दोन नियम सांगायची. पहिला नियम नंबरांचा. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि बस सुटण्याआधी ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने सांगायचा. दुसरा नियम माझ्याबद्दल होता. "चुकामूक झाली तर घाबरून इकडेतिकडे फिरू नका. ठरलेल्या जागी उभे राहा. छत्री तुम्हाला शोधत येईल," असं ती म्हणायची. तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

युरोपच्या त्या सहलीत अडतीस माणसं होती. तेवीस नंबर शेवटच्या सीटवरच्या कलाबाईंचा होता. त्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या, फुलशेती करणाऱ्या. मळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारणारी ही बाई, पण बसमध्ये शिकल्यासवरल्या माणसांसमोर तिचा आवाज घशातच राहायचा. पहिल्या दिवशी त्यांचं "तेवीस" कोणालाच ऐकू गेलं नाही. तीनदा विचारावं लागलं आणि बसमध्ये हशा पिकला. त्यांच्या पुढच्या सीटवर तृप्ती होती, बावीस नंबरची. ती वळून म्हणाली, "राहू द्या मावशी, तुमचाही नंबर मीच सांगत जाईन."

तिचं मन चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. पण तिसऱ्या दिवसापासून "बावीस-तेवीस" हा एकच नंबर असल्यासारखा एका दमात येऊ लागला. सुवर्णाने ते ऐकलं आणि चालवून घेतलं. कलाबाई मात्र उपकाराची फेड म्हणून आपला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा रोज जेवताना पुढे सरकवायच्या.

याच बसमध्ये नऊ नंबरचे ज्ञानेशशेठ होते. ते रोज उशिरा यायचे. कधी घड्याळं बघायला, कधी चॉकलेटं घ्यायला रेंगाळायचे. अडतीस माणसांची बस त्यांच्यासाठी वीस-वीस मिनिटं थांबायची. मग ते पिशव्या सावरत चढायचे आणि विचारायचे, "काय मंडळी, झोपा झाल्या का?" आणि सगळे हसायचे. नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळे हसायचे.

सहलीचा शेवटचा दिवस उजाडला. शनिवार होता. सकाळी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न गावात फिरायचं, साडेअकराला बस सुटायची आणि दुपारी झुरिकहून परतीचं विमान. कंपनीने चकचकीत नवा झेंडा पाठवला होता. शेवटच्या दिवसाच्या फोटोंत कंपनीचं नाव दिसलं पाहिजे, असा हुकूम होता. सुवर्णाने मला ड्रायव्हरच्या मागे कोपऱ्यात उभं केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्यामागून कोणी चालणार नव्हतं. मला वाईट वाटलं.

तळ्याकाठी सगळे उतरले आणि पाऊस भुरभुरू लागला. कलाबाईंकडे छत्री नव्हती. सुवर्णाने मला त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या घड्याळावर बोट ठेवून सांगितलं, "मावशी, मोठा काटा सहावर आला की बस सुटेल. त्याच्या आत इथेच या."

"व्हय बाई. सहाच्या आधी," कलाबाई म्हणाल्या. आपली पिशवी त्यांनी सीटवरच ठेवली होती. पासपोर्ट, फोन, सगळं त्या पिशवीत होतं.

नदीकाठी शनिवारचा फुलबाजार भरला होता. कलाबाई तिथून हलेनात. जुड्या कशा बांधल्यात, देठ किती लांब ठेवलेत, सगळं त्यांनी वाकून वाकून पाहिलं. विकणारी बाई त्यांच्याच वयाची होती. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. कलाबाईंनी तिच्याकडचा दोरा घेतला आणि चार फुलं गजऱ्यासारखी ओवून दाखवली. ती बाई टाळ्या वाजवून हसली. बारा दिवसांत कलाबाईंना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि त्या लगबगीने निघाल्या.

आम्ही बसच्या जागी पोचलो तेव्हा मोठा काटा अजून सहाच्या अलीकडेच होता. जागा मोकळी होती. बस नव्हती.

"अगं बाई, गेले?" कलाबाई एवढंच बोलल्या. परका मुलूख, परकी भाषा, हातात कागद नाही की फोन नाही. विमान निघून गेलं तर या बाईने काय करायचं होतं? माझ्या काडीन् काडीला कापरं भरलं.

पण त्या जागेवरून हलल्या नाहीत. त्यांना नियम आठवला. त्यांनी मला उघडलं आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर, जितकं उंच धरता येईल तितकं उंच धरलं, लांबून दिसावी म्हणून. इतकी उंच धरलेली छत्री पाऊस काय अडवणार? त्या भिजत होत्या आणि मला काही करता येत नव्हतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

काय घडलं ते मला नंतर बसमधल्या बोलण्यातून कळलं. पावसामुळे सगळे लवकर बसमध्ये शिरले होते. ज्ञानेशशेठ म्हणाले, "चला निघू, विमानतळावरची दुकानं तरी बघता येतील." सुवर्णाने नंबर घेतले. तृप्तीने फोनमधून डोळे न काढता "बावीस-तेवीस" म्हटलं. सीटवर पिशवी होतीच. बस दहा मिनिटं आधी सुटली. वीस मिनिटांनी तृप्तीने पुऱ्या काढल्या आणि चटणीसाठी मागे हात केला. तेव्हा कुठे कळलं. चटणीची आठवण झाली म्हणून माणसाची आठवण झाली, मित्रांनो! मला हे आठवलं की अजूनही संताप येतो.

बस परत आली. कलाबाई चढल्या. त्यांच्या पदरातून पाणी गळत होतं. आणि पहिला आवाज कोणाचा यावा? नऊ नंबरचा. "काय मावशी, फुलं बघत बसलात का? आमचं विमान चुकलं असतं ना!" मागून कोणीतरी म्हणालं, "वेळेचं भान नको का माणसाला?" तृप्ती खाली मान घालून बसली. आणि माझी सुवर्णा, जिने मला अकरा वर्षं उंच धरलं, ती गप्प उभी होती. तिच्या कामाबद्दलचे अभिप्राय प्रवाशांकडून लिहून घ्यायचे अजून बाकी होते, म्हणून तिला कोणाला दुखवायचं नव्हतं. सगळ्यांत जास्त राग मला तिचा आला.

तिने सवयीने माईक उचलला आणि नंबर घेतले. एक, दोन, तीन करत मोजणी पुढे सरकली. "बावीस," तृप्ती म्हणाली आणि थांबली.

कलाबाई मला टेकून उभ्याच होत्या. मग बसने पहिल्यांदाच त्यांचा मळ्यातला आवाज ऐकला.

"नंबर नाय सांगायची मी. मी कलाबाई सावळीराम पिंगळे, मखमलाबादची. काटा सहावर यायच्या आत मी जागेवर उभी व्हते. गाडी नव्हती. या शेठसाठी आपण रोज थांबलो, मी बी थांबले, कवा बोलले नाय. माझी तर येळ बी झाली नव्हती."

कोणी हसलं नाही. सुवर्णाने माईक खाली ठेवला. "मावशी खरं बोलतायत," ती म्हणाली. "बस मी आधी सोडली. मागे येऊन बघितलं नाही. चूक माझी आहे. हे मी कंपनीलाही कळवणार आहे."

"त्यांचा नंबर मी दिला होता," तृप्ती म्हणाली आणि रडू लागली. ज्ञानेशशेठ खिडकीबाहेर बघू लागले. तृप्तीने पुढे केलेला टॉवेल कलाबाईंनी घेतला. त्यांनी आधी मला पुसलं, मग स्वतःचं तोंड. चटणीचा डबा मात्र त्या दिवशी पिशवीतून बाहेर आला नाही.

विमान मिळालं. मुंबईला उतरल्यावर सुवर्णाने मला कलाबाईंच्या हातात ठेवलं. "तुम्हीच ठेवा मावशी. हिचा नियम तुम्हीच पाळलात," ती म्हणाली.

आता मी नाशिकच्या फुलबाजारात असते. झेंडूच्या ढिगावर सावली धरते. माझं कापड विटलं आहे, गोंड्याची लोकर झडली आहे. सुवर्णा मधूनमधून फुलं घ्यायला येते. आता ती बस सोडण्याआधी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाते म्हणे, प्रत्येकाला नावाने हाक मारत.

मित्रांनो, मला जपा, माझी काडी नीट करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आयुष्य झालं. पण तुम्हीही कधी सहलीला जाल, मिळून कुठेतरी निघाल. सगळे आले, असं कोणी म्हणालं तरी निघण्याआधी एकदा मागे वळा, आणि शेवटच्या सीटवर माणूस आहे की नुसती पिशवी, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.