मेंढपाळाचे डोळे

दौलतला कुणी डोळे आखायला सांगितले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. त्याला सांगितली होती फक्त फ्रेम. पण माणसाच्या हाताला एकदा वळण लागलं की लागलं, त्याला काय करणार?

दोन हजार सालच्या ऑगस्टात, आखातातल्या अल क्वोजमधल्या फ्रेमच्या वर्कशॉपात ते चित्र आलं, तेव्हा दौलतच्या सुट्टीला सात दिवस उरले होते. तीन वर्षांनी मिळालेली सुट्टी. कुडाळजवळ गावी त्याच्या वडिलांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. चाळीस मूर्ती रंगवून तयार होत्या, नुसती डोळ्यांची आखणी राहिली होती. आबांचा हात आता थरथरायचा, आणि घरात आखणी येणारा दुसरा माणूस म्हणजे दौलतच. चतुर्थी एक सप्टेंबरला. डोळे नसलेला गणपती शाळेच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही, तेव्हा दौलतने वेळेत पोचायलाच हवं होतं. पासपोर्ट मात्र मॅनेजर सूर्यकांत साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

चित्र जुमेराच्या एका व्हिलातून आलेलं. ड्रायव्हर नीलेशने ते एकट्याने उचलून आत आणलं आणि भिंतीला टेकवलं. जुनाट, तपकिरी पडलेलं. मावळतीचं ऊन, पडक्या कमानी, चार बकऱ्या. खाली दगडाला टेकून पहुडलेला एक मेंढपाळ, आणि त्याच्यावर वाकलेली बाई, कपाळावर चंद्रकोर असलेली. दौलतने ते दोन दिवस येताजाता बघितलं. डोंगर एकाने काढलाय आणि माणसं दुसऱ्याने, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. शाळेतही तसंच असतं, अंग एकाचं, आखणी दुसऱ्याची. पण मेंढपाळाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसता काळपट डाग. पुसून पुसून घालवले मेल्यांनी, असं त्याला वाटलं. इतकं चांगलं चित्र, आणि ते असं आंधळं पाठवायचं?

गुरुवारी दुपारी बाकीचे जेवायला गेले. दौलतने खारीच्या केसांचा कुंचला काढला, श्वास रोखला आणि दोन डोळे आखले. पाणीदार, त्या बाईकडे बघणारे. चित्रात जीव आला. दौलत खूश झाला, अगदी पोरासारखा.

शनिवारी सकाळी चित्राच्या मालकाच्या ऑफिसातून सुचित्रा मॅडम आल्या. मूळ पुण्याच्या, इथे करामा भागात राहणाऱ्या. चित्र त्या पहिल्यांदाच बघत होत्या. हातात चित्राचे कागद होते, त्यातला फोटो बोटभर.

"डच लोकांचं काम आहे," त्या सूर्यकांत साहेबांना सांगत होत्या. "इटलीचा देखावा एकाने केला, फिगर्स दुसऱ्याने. चंद्राची देवी या मेंढपाळाच्या प्रेमात पडली. तो म्हातारा होऊ नये म्हणून त्याला कायमची झोप दिली. ती रोज येते, बघते. त्याला कधी कळत नाही."

दौलत खिळे मोजत होता. त्याचा हात थांबला.

मॅडम चित्राजवळ गेल्या. कागद बघितला, पुन्हा चित्र बघितलं. "पण हा तर जागा आहे. कागदात स्पष्ट लिहिलंय, डोळे मिटलेले. सूर्यकांत, हे ते चित्रच नाही. बदललंय कुणीतरी."

साहेबांचा चेहरा उतरला. "व्हिलातून आणलं कोणी? नीलेश ना? बोलवा त्याला. आत्ताच्या आत्ता."

नीलेश उन्हातून घाम पुसत आला. काय झालंय ते त्याला ठाऊकच नव्हतं. गेल्याच महिन्यात त्याने बायकोला गावाहून उम्म अल कुवैनच्या भाड्याच्या खोलीत आणलं होतं; नोकरी गेली तर दोघांनाही परत जावं लागलं असतं. दौलतने त्याच्याकडे बघितलं, मग पासपोर्टच्या ड्रॉवरकडे. आपण गप्प बसलो तर मंगळवारचं विमान आपलं. त्याने हातातले खिळे खाली ठेवले.

"मॅडम, चित्र तेच आहे," तो म्हणाला. "डोळे मी आखले. मला वाटलं, पुसून गेलेत."

मग मॅडमनी हळू विचारलं, "निघतील?"

"रंग अजून ओला आहे. खाली व्हार्निश आहे. टर्पेंटाइनने निघतील."

"मग तुम्हीच काढा. माझा हात धजणार नाही."

त्याचा तरी कुठे धजत होता? उघडलेले डोळे आपल्यात कुणी मिटत नाही. दौलतने कापूस भिजवला, मनात गणपतीची क्षमा मागितली आणि एकेक डोळा टिपला. नजर गेली. त्याबरोबर वरचा मळही निघाला, आणि खाली एक बारीक रेघ दिसली. केसाएवढी, खाली झुकलेली. पापणी. त्या डच माणसाने आखणी केलेलीच होती, मिटलेल्या डोळ्याची. दौलतने ती बघायचे कष्टच घेतले नव्हते.

नीलेश सुटला. साहेबांनी ड्रॉवरला किल्ली लावली. "मालक लंडनला आहेत, पंधरा सप्टेंबरला येतील. त्यांनी चित्र बघेपर्यंत तू कुठे जायचं नाहीस. लीव्ह खलास."

संध्याकाळी त्याने टेलिफोन बूथवरून घरी फोन लावला. आबांनीच उचलला.

"येतलस ना रे मंगळवारी? आखणी रवली हा."

"नाय येवक जमणा, आबा."

का, ते त्याने सांगितलं. काही लपवलं नाही. "माझो हात थरथरता रे," एवढंच आबा म्हणाले, आणि रिसिव्हर आशाकडे गेला. आशा त्याची बायको. एकोणीस वर्षं ती शाळेत सोंड, शेला, मुकुट सगळं रंगवत आली होती. डोळ्यांना मात्र तिला कुणी हात लावू दिला नव्हता, त्यानेही नाही.

"मी आखतंय," ती म्हणाली. "तुमी सांगा, कसा करूचा ता."

कार्डावर चार मिनिटं उरली होती.

"बत्ती जवळ घे," तो म्हणाला. "कुंचलो नंतर. आधी मूर्तीच्या समोर बस आणि नुसता बघ. घाई करू नको गे. माझ्यासारखी घाई करू नको."