वाढीव पट्टी

"हाण की चॅसीला जरा हातोडा. फट मिटंल."

मी एवढंच म्हणालो, आणि जयसिंगनं हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, कीव आल्यासारखं.

"आकारामदादा, हातोड्यानंच बसवायचं हुतं तर सव्वीस वर्सं मी रंधा कशाला मारला?"

सन दोन हजार एकच्या मे महिन्यातला रविवार. सिद्धार्थनगरात जयसिंगच्या घराला टेकून पत्र्याची शेड होती, तिच्यात विटांवर चढवलेली एक बुटकी विलायती गाडी. दोन माणसांची, वरनं उघडी. बॉनेट काढून भिंतीला लावलेलं. वर साखळीला मिलिटरीच्या लिलावातल्या जिप्सीचं इंजिन टांगलेलं. आणि ते इंजिन ज्या बैठकीवर बसायचं, ती जयसिंगनं स्वतः लाकडात घडवून आमच्याच फौंड्रीत ओतून आणलेली बैठक, चॅसीच्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये धरली तर एका टोकाला टेकत होती आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल जाईल एवढी फट राहत होती.

जयसिंगचं माप चुकलं होतं. उद्या पंचगंगा उगमाच्या प्रयागाकडं उलटी वाहायला लागली असती, तरी मला एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

मी कागल रस्त्यावरच्या गोकुळ शिरगावला, त्या फौंड्रीत टाइमकीपर. गेटवरच्या खोलीत बसून आल्यागेल्याची वेळ लिहायची आणि उशिरा येणाऱ्याचं कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यानं मला माणसं शिकवली. साचे भरणाऱ्या एका मोल्डरची आजी माझ्या रजिस्टरात चारदा वारली आहे. माझी एक खोड आहे, प्रत्येकाच्या नावापुढं मी मनात आणखी दोन रकाने आखतो: बोलला किती, केलं किती. पहिला भरायला बहुतेकांना पान पुरत नाही. जयसिंगच्या पहिल्या रकान्यात सहसा काही नसायचं. आणि उशिराच्या रकान्यात तर सव्वीस वर्षांत काहीच नव्हतं. रोज दहा किलोमीटर सायकल मारून तो आठला दहा कमी असताना गेटवर हजर. पुरात सायकल खांद्यावर घेऊन आला, पण आठच्या आत आला.

तो पॅटर्नमेकर. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून ठसा घ्यायचा, लाकूड काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. वस्तू गिऱ्हाइकाकडं जाते, लाकूड माळ्यावर धूळ खात पडतं. जयसिंगनं केलेले पंप अर्ध्या महाराष्ट्रात पाणी उपसत असतील, पण त्याच्या हातचं असं त्यात काहीच नसतं. नुसती त्याच्या लाकडानं सोडलेली जागा.

गाडी फौंड्रीत आली ती भंगारात, वितळवायला. इंजिन आधीच कुणीतरी काढून फोडलेलं. भट्टीवाल्यांनी दारं उचकटायला पहार घातली, तेवढ्यात जयसिंग पॅटर्न शॉपमधनं बाहेर आला. त्यानं खिशातली मापाची पट्टी काढून गाडीच्या सीटची जमिनीपासनं उंची मोजली, आणि नंतर थेट मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. शिस्तीचे जैन गृहस्थ, पण माणूस ओळखणारे.

"अण्णा, ती गाडी भट्टीत घालू नगासा. मला द्या."

"अरे, तिला इंजिन नाही."

"घालतो की."

"आणि जयसिंग, तू ती चालवणार कुठं?"

"मी न्हाय, अक्षता चालवंल."

 अण्णांनी गाडीचं जुनं आरसी बुक शोधून त्याच्या हातात ठेवलं.

अक्षता त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. पायांना लोखंडी कॅलिपर बांधून ती कुबड्यांवर उभी राहायची, चार पावलं टाकायची. जीभ मात्र आईची, शालनवहिनींची, दोन्ही बाजूंनी धार लावलेली. डिप्लोमा करून ती कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकली होती. आधी तिच्याकडं जोडचाकांची स्कूटर होती. हायवेला एक ट्रक शेजारनं गेला, त्याच्या वाऱ्यानंच स्कूटर उलटली आणि पोरगी तीन महिने प्लास्टरमध्ये पडली. त्या दिवशी शालनवहिनींनी स्कूटरची किल्ली गटारात टाकली.

"चार चाकं आसतील तर बाहीर जा. न्हाईतर घरात बस," त्या म्हणाल्या.

वहिनींचं तेवढं वाक्य जयसिंगनं ड्रॉइंग समजून धरून ठेवलं होतं. म्हणून त्यानं सीटची उंची मोजली. गाडी इतकी बुटकी की घराच्या जोत्यावरनं फळीवरून घसरत पोरगी सरळ सीटवर बसेल. वर टप नाही, म्हणजे डोकं वाकवायला नको. मोठ्या गाडीत तिला उचलून ठेवावं लागलं असतं, आणि उचलून ठेवलेलं तिला चालत नसे.

दीड वर्ष तो रविवारी रविवारी त्या गाडीत राबत होता. मीही जाऊन बसायचो, सल्ले द्यायला. गल्लीत लोक टिंगल करायचे, "जयसिंगराव, इमान कधी उडवताय?" असं विचारायचे. आणि एप्रिलमध्ये अक्षताच्या नावानं पत्र आलं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीतनं. ड्रॉइंग ऑफिसात नेमणूक, एक ऑगस्टला रुजू व्हा, न आल्यास नेमणूक रद्द समजावी. कंपनीची बस होती, पण तिची पहिली पायरीच अक्षताच्या कमरेला यायची.

म्हणजे गाडीनं ऑगस्टच्या आत पळायचं होतं. मध्ये शिकाऊ लायसन, मग पक्कं, मग इंजिन बदलल्याची आरटीओत नोंद. आणि इथं मे महिन्यात बैठकच बसत नव्हती.

"पोरीचं काम हाय म्हनून घाई केलीस," मी म्हणालो.

"घाई न्हाय केली, दादा. तीनदा मापलं. तिन्ही बारी सहाशे भरलं." जयसिंगनं खिशातली पट्टी काढून पुन्हा चॅसीवर ठेवली. "ही बगा. सहाशे. आन् बैठक किती?"

मी त्याच्या पेटीतली साधी स्टीलची पट्टी घेऊन बैठक मोजली. सहाशे. अगदी नेमकी.

"मग सहाशेत सहाशे का बसंना?" शालनवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "भूत शिरलंय काय गाडीत?"

जोत्यावर बसून अक्षता हे सगळं ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या हातातली पट्टी कुठली?"

"कुठली म्हंजे? माझी. रोजची."

"शाळेतली माझी भूमिती आठवतीय?"

जयसिंगनं पट्टी उजेडात धरून तिच्यावरचे आकडे बघितले.

ती गोष्ट मलाही ठाऊक होती. बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच वाढीव असते. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर म्हणजे खरे एकशे एक. लाकूड तेवढं मोठं कापायचं, आकसून वस्तू बरोबर मापाला येते. अक्षता सातवीत असताना घाईत बापाची पट्टी दप्तरात घालून परीक्षेला गेली होती. तिची प्रत्येक दहा सेंटिमीटरची रेघ एक मिलिमीटर लांब. बाईंनी सगळ्यांवर फुल्या मारल्या. ती घरी येऊन दोन दिवस बापाशी बोलली नव्हती.

"तुमीबी तेच केलंय," अक्षता म्हणाली. "लाकूड कापायला वाढीव पट्टी बरोबर हाय. पर गाडी मापायलाबी तीच घेतलीसा, सहाशे म्हनला ते खरं सहाशे सहा हाय. गाडी काय आकसनार हाय व्हय?"

 शालनवहिनी फसकन् हसल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

जयसिंग विटेवर बसला. "खरं हाय," तो सावकाश म्हणाला. "दादा, सव्वीस वर्सांत मी तयार वस्तू कवा मापलीच न्हाय बगा. माप ड्रॉइंगवर लिवल्यालं आसायचं. मी आपला लाकूड कापनार."



"पॅकिंग घाल की सहा मिलिमीटरचा पत्रा," मी म्हणालो. "कुनाला दिसनार हाय?"

"तिच्या पायाखाली इंजिन आसनार हाय," जयसिंग म्हणाला. "फट बुजवून तिला न्हाय बसवायची."

सोमवारी त्यानं सागवानाचा नवा तुकडा घेतला. शनिवारच्या शेवटच्या भट्टीला अण्णांनी त्याच्या साच्यापुरता रस राखून ठेवायला सांगितलं. साधं बीड नव्हे, कडकन न मोडणारं एसजी. पुढच्या रविवारी बैठक चॅसीच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवली, तर ती अंगठ्याच्या दाबानं आत सरकली आणि 'टक्' असा एकच आवाज आला. त्या दिवसापासनं त्याच्या खिशात मापाच्या दोन पट्ट्या असत, आणि साध्या पट्टीच्या टोकाला त्यानं लाल रंगाचं बोट लावून ठेवलं होतं.

तोच लाल रंग, पॅटर्नला लावायचा, पुढं सगळ्या गाडीला लागला. जिप्सीचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटला वर टेंगूळ काढावं लागलं. तेही त्यानं आधी लाकडात कोरून मग पत्रा ठोकून बसवलं. क्लच गिअरच्या दांड्यावर आणला. स्कूटरचा लिव्हर, पण पोरीच्या मनगटाला जड जाऊ नये म्हणून खाली दोन हात लांबीचा दांडा दडवलेला. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक लिव्हर, ओढला की रेस, ढकलला की ब्रेक. काचेच्या चौकटीला उठताना धरायला शिसवी मूठ. मूठ करण्याआधी त्यानं अक्षताच्या हातात ओल्या मातीचा गोळा देऊन आवळायला सांगितला होता. तिच्या बोटांचा ठसा लाकडात जसाच्या तसा उतरला. बोलला किती, केलं किती? माझा दुसरा रकाना त्या उन्हाळ्यात समासाबाहेर गेला.

एकदा मी त्याला चिडवलं. "जयसिंग, कळतंय का तुला? ती कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढनार, मशीन आपोआप पॅटर्न कापनार. तुझी लेक तुझंच काम खानार हाय."

तो मुठीला पॉलिश पेपर मारत होता. हात न थांबवता म्हणाला, "खाऊ दे की. घरातच ऱ्हाईल."

जुलैत लायसन आलं. आरटीओतल्या साहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटखाली बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या कंपनीकडून करून घेतलं?" जयसिंगनं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत की काय म्हणून.

पण वहिनींची परवानगी अजून बाकी होती. त्यांनी जाहीर केलं, "आदी मी बसनार. कागलपातूर न्हिऊन परत आन. मग बोलू." रविवारी सकाळी मायलेकी निघाल्या. जयसिंग आणि मी जोत्यावर. दीड तास त्याची नुसती लाल टोकाची पट्टी या हातातनं त्या हातात.

गाडी गल्लीत शिरली. वहिनींचे केस पिंजारलेले, डोळे लाल. त्या उतरल्या, पदर सारखा केला. सगळी गल्ली कान लावून उभी.

"डोस्कीवर पदर ऱ्हात न्हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काच चार बोटं उंच करा."

आणि आत गेल्या. अक्षतानं बापाकडं बघून डोळा मारला. काच उंच करायला सांगितली, म्हणजे गाडी राहणार होती.

एक ऑगस्ट, बुधवार. आठचा भोंगा झाला. गेटवरच्या खोलीत मी रजिस्टर उघडून बसलो होतो. सगळ्यांच्या वेळा भरल्या, एक ओळ रिकामी. सायकल स्टँडवरची कडेची जागाही रिकामी. आठ दोन झाले, आठ पाच झाले. हायवेकडं बघू नये म्हणून मी पेनाचं टोपण काढलं, घातलं. नोकरीत पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की त्या ओळीत गुपचूप आठ लिहून टाकावं. कोण विचारतंय?

मग टेंगूळवाली लाल गाडी दिसली. एका दुधाच्या टँकरच्या मागं, टँकरच्याच चालीनं, मान खाली घालून येत असलेली. गेटसमोर येऊन उभी राहिली, झटका न देता. जयसिंग डबा घेऊन उतरला. अक्षतानं त्याच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. आरशात मागचा रस्ता बघितला, हात दाखवला आणि कागलच्या दिशेनं निघून गेली. तो उभा. गाडी चढावरनं पलीकडं उतरली तरी उभा. मग खिडकीपाशी आला.

"काय रं? बंद पडली हुती काय?" मी विचारलं.

"न्हाय. मी म्हनलं तिला, एकबी ट्रक वलांडायचा न्हाय." त्यानं आत वाकून घड्याळ बघितलं. "किती झालं?"

"तुझ्यापुरतं आठच."

"आठ अकरा झाल्यात, दादा. आठ अकरा लिवा."

"अरं, सव्वीस वर्सांत तुझ्या नावापुढं..."

"लिवा की. मापात खोटं नगं. आन् कारनबी लिवा."

"काय लिवू?"

तो विचारात पडला. हे त्याच्या सवयीचं काम नव्हतं. मागं भट्टीची घरघर चालू झाली होती, पॅटर्न शॉपमधला करवतीचा आवाजही. त्यानं डबा या हातातनं त्या हातात घेतला.

"लेकीनं सोडलं, आसं लिवा."

मी लिहिलं. रकाना लहान होता, शेवटची अक्षरं शेजारच्याच्या ओळीवर गेली. जयसिंगनं मान तिरकी करून ती ओळ एकदा वाचून घेतली आणि आत गेला. सायकल स्टँडवरची त्याची जागा त्या दिवशी मोकळीच होती. आठ वीसला एक नवा हेल्पर आला आणि तिथं सायकल लावायला लागला. मी खिडकीतनं ओरडलो, तशी त्यानं ती उचलून दुसरीकडं लावली.