कंबरभर पाण्यात

शिलाची कविता संपली, टाळ्या पडल्या आणि मागच्या रांगेतून देविदासकाका उभे राहिले. “पोरी, हे खोटं हाय. माझा भाऊ गेला तवा तू पाळण्यात होतीस. त्यानं तुला खांद्यावर घेऊन नदी कवा वलांडली?”

कळमनुरीच्या कविसंमेलनातल्या सगळ्या माना मागं वळल्या. तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्या शिलानं सत्य म्हणजे काय यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. आत्ता मात्र तिनं हातातल्या कागदाची घडी घातली. काकांच्या शेजारी तिची आई जिवनबाई बसली होती, तोंडाला पदर लावून. ती रडतेय की रागावलीय, काही कळेना. शिला मान खाली घालून मंचावरून उतरली. गेलेल्या बापाच्या नावावर आपण खोटं रचलं, हे तिला आतून खात राहिलं.

परतीच्या एसटीत काका पुढच्या सीटवर बसले. मायलेकी मागं. कळमनुरी मागं पडली.

“तो नदीत मधोमध आला अन् तितंच कविता संपली,” जिवनबाई एकदम म्हणाली. “काहून?”

“पुढचं सुचलंच न्हाई, याडी.” बंजारा तांड्यातल्या सगळ्यांसारखी शिला आईला याडीच म्हणायची.

“म्हंजे माणसाला कंबरभर पाण्यात उभं करून ठेवलंस? खांद्यावर लेकरू असताना?”

शिला बघतच राहिली. “तुला राग न्हाई आला? असं काही झालंच न्हवतं.”

“झालं न्हाई, ते मला ठावं न्हाई व्हय?” जिवनबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तू पहिलीत गेलीस तवा तो शाळेच्या फाटकापाशी उभा होता. तुला ताप आला तवा उशाशी बसून होता. कुणाला सांगितलं न्हाई म्या. लोक येडी म्हणले असते. वाटायचं, आपुन एकलीच असं बघून राहिलो.”

शिलाच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले, तरी हसू फुटलं. “मग नेऊ पलीकडं?”

“ने. पर सावकाश. दगडं निसरडी असत्यात.”

पुढच्या सीटवरून देविदासकाकांनी मान वळवली. ते सगळं ऐकत होते. घसा खाकरून म्हणाले, “अन् त्याला पवता येत न्हवतं, एवढं ध्यानात ठेव. उथळ जागा बघून ने.”