मुकादम म्हणाला, गरम आहेत

"गरम आहेत," मुकादम म्हणाला आणि विषय संपला.

त्याचा हात दुकानासमोरच्या पिंपात कोपरापर्यंत बुडालेला. पिंपावरचा बर्फाचा पापुद्रा दुकानदारानं नुकताच लोखंडी मापानं फोडला होता. भोवती त्याची बागकामाची टोळी उभी. तोंडातून वाफा, हात काखेत. मुकादमानं हात बाहेर काढला. लोकरीच्या हातमोज्यातून पाणी ठिबकत होतं, आणि मुकादमाच्या चेहऱ्यावर अशी शांती, की जणू हात उन्हात शेकून आला होता.

"याला म्हणतात हात!" लांब्या म्हणाला. लांब्या उंचीनं लांब होता, पण त्याची स्तुती त्याहून लांब. "कात्री घ्यायची, या हातानं पारखली. फावडं घ्यायचं, या हातानं पारखलं. अजून कधी चुकलाय?"

टोळीत वस्तू यायची ती मुकादमाच्या हाताखालून, ही रीत होती. रीत कोणी पाडली ते कोणाला आठवत नव्हतं, आणि मोडायची म्हटली तर आधी कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं. थंडी इतकी होती की तोंड उघडणं परवडत नव्हतं.

मागं उभ्या असलेल्या मुकादमणीनं तेवढा एक सुस्कारा सोडला. लांब्याला वाटलं, बाईचा ऊर अभिमानानं भरून आला.

सुस्काऱ्याचं कारण

मुकादमाच्या हाताला काही कळत नव्हतं. गार नाही, गरम नाही, सुई नाही, काटा नाही. वर्षानुवर्षं तारा ओढून ओढून बोटं अशी झाली होती, की सदऱ्याची बटणं बायको लावायची. आंघोळीचं पाणी बायको बघायची. मागच्या थंडीत तो शेगडीला हात टेकून गप्पा मारत बसला होता, तेव्हा भाजल्याचा वास आधी बायकोला आला. तो म्हणाला, "काय करपलं गं?"

आणि गावभर काय पसरलं? मुकादम शेगडीला हात लावून बसतो आणि डोळ्याची पापणी हलवत नाही.

लोकरीचा जोड

दोन दिवस चालला. बागेत वेलींच्या छाटलेल्या फांद्या तारेला सुतळीनं बांधायचं काम होतं. पहाटेचं दव लोकरीत शिरलं, गोठलं, आणि हातमोजे तारेला चिकटायला लागले. हात निघायचा, मोजा तिथंच. तरी टोळी काय म्हणाली?

लांब्या म्हणाला, तारच खराब आहे.

त्याचा मेहुणा म्हणाला, यंदाचं दवच चिकट आहे.

मुकादमणीची धाकटी जाऊ म्हणाली, "माझीच बोटं नाजूक हो, भाऊजींचा काय दोष." तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यातून रक्त येत होतं. भाऊजींचा दोष नाही असं म्हणताना ती ते रक्त पदराला पुसत होती.

चामड्याचा जोड

पुन्हा दुकान. पुन्हा पिंप. पुन्हा "गरम आहेत."

हे खरंच गरम होते. इतके जाड, की आत एखादं मांजर सुखानं झोपलं असतं. फक्त त्यात बोट वाकत नव्हतं. सुतळी उचलायची म्हणजे दोन उशांनी मोहरी उचलण्यासारखं. मग माणसं हातमोजा दातात धरायची, उघड्या हातानं गाठ मारायची, बोटं बधिर झाली की परत घालायची. घाईत कोणी मोजा न काढताच गाठ मारली, ती मोज्याच्या बोटावरूनच बसली. ती सुटेना, तेव्हा मोजा तिथंच सोडून, हात ओढून घेऊन गडी पुढच्या वेलीला गेला. त्याचं बघून दुसराही तसाच गेला.

दुपारी बागवाला आला. बघतो तर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेवर रिकामे पंजे वाऱ्यानं हलताहेत.

"हे कोण निरोप देतंय मला?" बागवाला म्हणाला.

गडी घाईनं मोजे सोडवायला लागले.

"निरोप मीच देतो. डोळे फुटून कोंब यायला आलेत वेलींना. या आठवड्यात बांधणी झाली नाही, तर नदीपलीकडची टोळी बोलावतो. पुढच्या सालीही तीच."

तो गेल्यावर लांब्या म्हणाला, "बागवाल्याला मेल्याला चामड्यातलं कळत नाही."

घरी

"अहो, ऐका."

"ऐकतोय."

"तुमच्या हाताला कळत नाही."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग कळतं."

ती त्याच्या सदऱ्याची बटणं काढत होती. खालचं एक बटण तिनं मुद्दाम तसंच ठेवलं.

"हे काढा बघू."

त्यानं बराच वेळ खटपट केली. बोटं बटणाच्या आसपास फिरली, जशी आंधळी कोंबडी दाण्याभोवती. शेवटी म्हणाला, "बटणच वाईट आहे."

"टोळीत शोभाल अगदी."

त्यानं बटण सोडून दिलं. मग हळूच म्हणाला, "त्यांना सांगितलंस तर मी कोण उरतो गं? लांब्या मुकादम होईल."

ती विचार करत राहिली. टोळीचं काम नदीपलीकडच्यांच्या हाती जाऊ द्यायचं, जावेची बोटं सडवायची, की याला उघडं पाडायचं? आणि लांब्या मुकादम झाला तर... तो विचार तिनं अर्ध्यातच सोडला. काही विचार पुरे करण्याची गरज नसते.

"पायाला कळतं ना अजून?" तिनं विचारलं.

"पायाला का?"

तिनं त्याच्या पायावर टाच दाबून बघितली. तो ओरडला. ती म्हणाली, "झालं मग."

पिंप, तिसऱ्यांदा

"ह्यांना रात्री ताप होता," मुकादमणीनं जाहीर केलं. "पाण्यात हात घालू देणार नाही. हात माझा जाईल, निकाल ह्यांचा."

"अहो वहिनी, अशी रीत नाही," लांब्या म्हणाला.

"मग तुम्ही घाला हात. आणि निकालही तुम्हीच द्या. पुढं बागवाल्याला उत्तरही तुम्हीच."

लांब्याला अचानक आठवलं, की रीत इतकीही कडक नव्हती.

मुकादमीण नवऱ्याला खेटून उभी राहिली. पहिला मोजा घालून पिंपात हात. पाणी शिवणीतून आत आलं आणि तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिनं त्याच्या पायावर पाय दिला.

"गार!" मुकादम कळवळून म्हणाला.

"बघा! न घालता कळलं!" लांब्या म्हणाला.

दुसरा मोजा. पाय.

"आई गं... गार!"

दुकानदारानं मग कुरबुरत खालच्या खोक्यातून एक जोड काढला. आतून मऊ लोकर, वरून सगळ्या पंजाला रबराचा पातळ थर, मनगटाला घट्ट. दिसायला अगदीच गबाळा. कोणी मागत नाही म्हणून खाली पडलेला. तिनं तो घातला, हात बुडवला आणि थांबली. पाणी बाहेरच राहिलं. मग सुतळीचा तुकडा मागून घेतला, पाण्याखालीच पिंपाच्या कडीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

मुकादम पायावर दाब पडायची वाट बघत होता. पडेना. त्यानं खाली बघितलं, मग तिच्याकडे. ती गाठीत रमली होती.

"हं?" तो पुटपुटला.

"हं," ती म्हणाली.

मुकादमानं छाती फुगवली. "हाच जोड! सगळ्यांना द्या. बायकांना लहान मापाचे."

"हात न बुडवता!" लांब्यानं दुकानभर सांगितलं. "नुसत्या नजरेनं! आता हाताचीही गरज उरली नाही मुकादमाला!"

मुकादमीण ओला हात पदराला पुसत म्हणाली, "खरंय."

बांधणी

झाली, वेळेत. बागवाला रांगेतून फिरला, गाठी ओढून बघितल्या, पुढच्या सालीचं काम याच टोळीला म्हणाला. जावेच्या भेगा भरत आल्या होत्या. ती सगळ्यांना सांगत होती, भाऊजींच्या हाताची किमया.

भाऊजी स्वतः मात्र उघड्या हातांनी फिरत होते. मला कशाला, म्हणे.

शेवटच्या रांगेत मुकादमणीला त्याच्या मुठीवर रक्त दिसलं. तारेनं कातडी सोलली होती. रक्त थंडीत काळं पडून सुकलं होतं, आणि तो मजेत लांब्याशी बोलत उभा होता.

तिनं काही न बोलता त्याचा हात ओढला. कमरेला खोचलेला जास्तीचा जोड काढला आणि लहान पोराला घालावा तसा एकेक बोट आत सारून घातला. सगळी टोळी बघत होती. तो मान खाली घालून उभा राहिला. मग तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला,

"कसं वाटतं गं यात?"

"गरम," ती म्हणाली.

मुकादम टोळीकडे वळला. दोन्ही हात उंच केले.

"गरम आहेत! मी सांगितलं नव्हतं?"