पोरीनं आणलं

संस्कृतीने आपलं ताट उचललं, गॅलरीत नेलं आणि पायानेच दार ओढून घेतलं. आत द्वारकाबाई हातातला घास तसाच धरून दाराकडे पाहत राहिल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या कालच करमाड गावाहून शहरात, पुंडलिकनगरला धाकट्या मुलाकडे आल्या होत्या, आणि आल्यापासून ही अकरा वर्षांची नात त्यांच्या जवळ म्हणून फिरकली नव्हती.

"पोरगी रुसली का काय माझ्यावर?"

"नाही हो आत्या. सर्दी झालीय तिला," सत्यशीला म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. पण खटकलं तिलाही. हातातली भाकरी तव्यावर टाकून, गॅस बारीक करून ती गॅलरीत गेली.

दुपारचं ऊन थेट आत आलं होतं. त्या उन्हात संस्कृती भिंतीकडे तोंड करून जेवत होती.

"आत चल. आजी वाट बघतेय."

"नको. त्यांना लागंल."

"साधी सर्दी आहे, बाळा."

"तेव्हापण साधाच ताप होता." संस्कृतीने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "आबा माझ्यामुळं गेले. आता आजी नको."

पाठ केलेली तारीख सांगावी तसं ती हे बोलली. ना रडणं, ना आवाज चढवणं.

"कोण म्हणालं तुला असं?"

"काका म्हणाले होते, सगळ्यांसमोर. आणि गेल्या दिवाळीत काकांचा ऋतुराज म्हणाला, आबाला तूच मारलंस."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

संस्कृतीने पहिल्यांदाच मान वर केली. "मम्मी, तू तिथंच होतीस."

होतीच सत्यशीला तिथं. चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, गुढीपाडव्याला सगळे करमाडला गेले होते. चौथ्या दिवशी संस्कृतीला ताप आला आणि आरोग्य केंद्रात घरातला पहिला रिपोर्ट तिचाच निघाला. दोन दिवसांत तिचा ताप उतरलाही. लहान पोरांना काय होत नसतं, असं जो तो म्हणत होता. आबांना मात्र शहरात दोन दवाखाने फिरूनही बेड मिळेपर्यंत उशीर झाला. दहाव्याला जे कोण येईल त्याला थोरले दीर सुदर्शन सांगत होते, "शहरातून पोरीनं आणलं ना." सात वर्षांची संस्कृती तिथंच ओट्यावर पाय हलवत बसलेली होती. सत्यशीला चहाचे कप गोळा करत होती. तिने कप गोळा केले. त्या दिवशी एवढंच केलं.

आणि नंतर पोरगी दिवसातून वीस वेळा हात धुवायची, तेव्हा सत्यशीलाला कौतुक वाटलं होतं. सर्दी झाली की आपणहून मागच्या बाकावर बसते, फार शहाणी आहे तुमची मुलगी, असं बाई पालकसभेत म्हणाल्या, तेव्हा ही हसून घरी आली होती. परवा वाढदिवसाला केकवरची मेणबत्ती पोरीने फुंकली नाही, चिमटीत धरून विझवली. सगळे हसले. हीसुद्धा.

ती आत आली तेव्हा तव्यावरची भाकरी काळी पडली होती. तिने गॅस बंद केला आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आत्या, आबांना आपणच मारलं असं पोरगी समजते. चार वर्षं समजते."

द्वारकाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी पदराच्या टोकाला पीळ दिला.

"तिनं नाय मारलं," त्या म्हणाल्या. "सुदर्शनला आधी होता ताप. तुम्ही यायच्या आधीच. दोस्ताच्या साखरपुड्याला जाऊन आल्ता. पाणी द्यायचंय म्हणून शेतातल्या आखाड्यावर जाऊन झोपला दोन दिवस. तिसऱ्या दिवशी घरी आला अन् आबाशेजारी जेवाया बसला. मला म्हणला, माय, ठेच्याचा वासच येईना गं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आबा गेल्यावर ध्यानात आलं. पाया पडला माझ्या. म्हणला, गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय, माय, बोलू नको." त्यांचा आवाज खाली गेला. "म्या म्हणलं, पोर लहान हाय. इसरून जाईल."

"इसरून जाईल," सत्यशीला म्हणाली. "तो पुरुषमाणूस इसरला नसता. गावही इसरलं नसतं. म्हणून पोरीच्या माथी मारलं. लई स्वस्तात पडली तुम्हाला पोरगी."

इतकी वर्षं सासूला ती कधी असं बोलली नव्हती.

संध्याकाळी तिचा नवरा सोमनाथ कंपनीतून आला, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो बुटाची लेस सोडता सोडता थांबला.

"दादा उद्या येणारच आहे, आईला दवाखान्यात न्यायला. पण उद्या नको काढू. ऑपरेशन आहे."

"उद्याच काढणार."

"जाऊ दे ना. वडलांसारखा आहे तो मला."

"आणि तुम्ही कोणाचे वडील आहात?"

सोमनाथ तसाच एका पायात बूट घालून बसून राहिला.

सकाळी सुदर्शन आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. गावच्या सोसायटीत अध्यक्ष झाल्यापासून तो असाच राहायचा. आईची पिशवी उचलायला तो वाकला, तेव्हा सत्यशीला दारात उभी होती.

"दादा, आधी पोरीशी बोला. मग निघा."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला ठाऊक आहे. आत्यांनी सांगितलंय मला."

सुदर्शनने आईकडे पाहिलं. तिने मान वळवली. मग तो भावाकडे वळला. "सोमनाथ, हे काय काढलं सकाळी सकाळी? उशीर होतोय."

सोमनाथने घसा साफ केला. "बोल, दादा," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

संस्कृती गॅलरीच्या दाराशी उभी होती, ओढणीचा बोळा नाकाला लावून. सुदर्शन खुर्चीच्या कडेला टेकला.

"असं बघ बाळा, आजाराला काय, कुणीबी निमित्त होतं..."

"निमित्त नको," सत्यशीला म्हणाली. "दहाव्याला 'पोरीनं आणलं' म्हणून सांगत होता ना तुम्ही? तसंच आता आपलं नाव घेऊन सांगा."

बाहेर भाजीवाल्याचा भोंगा वाजत पुढे गेला. सुदर्शनने शर्टाच्या खिशावरून उगाच हात फिरवला.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "तुझ्या आधी मला ताप होता. म्या सांगितलं नाय कुणाला. तुलापण माझंच लागलं असंल."

"काका, तुम्ही मुद्दाम केलं का?"

"नाय गं पोरी!" सुदर्शनचा आवाज फाटला. "बाप होता माझा."

"मला वाटायचं, मी केलं," संस्कृती म्हणाली. "पण मी केलं असतं, तरी मुद्दाम नसतं केलं. माझे आबा होते ते."

सत्यशीलाने दिराला सुनवायचं बरंच काही रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं. ते बोलायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं, की पोरगी काकांकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती, काल 'तू तिथंच होतीस' म्हणताना बघितलं होतं तशीच.